इल्व्ह-ए सापडत नाहीये, पण जंतू तर जगतोय! (लेप्टो, आयसोल्युसिन आणि ब्लास्ट)

सड्यावरची

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते. आज अडला हरी... पुढचं म्हणत नाही, तुम्हालाच काहीतरी म्हटल्यासारखं होईल.

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष आहे. प्रोजेक्टला लेप्टोस्पायरा इंटेरोगॅन्स हा जंतू घेतलाय. मीच मागून घेतला. आमच्याकडे सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत कुणाला ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्या ठणकायला लागल्या, की घरातलं पहिलं वाक्य ‘लेप्टो तर नाही ना?’ हेच असतं.

काम असं आहे: वीसपैकी कोणती अमिनो आम्लं हा जंतू स्वतः बनवू शकतो, ते जिनोमवरून ठरवायचं. २००३ साली चीनमधल्या गटाने त्याचा जिनोम प्रसिद्ध केला. गुणसूत्रं दोन, एक सुमारे ४३ लाख जोड्यांचं आणि दुसरं साडेतीन लाखांच्या थोडं वर. सरांनी सांगितलेली पद्धत सरळ होती. ई. कोलायचं एकेक एन्झाइम घ्यायचं, त्याचा प्रथिन-सीक्वेन्स (अमिनो आम्लांची ओळ) ब्लास्टमध्ये, म्हणजे सीक्वेन्स जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकायचा आणि लेप्टोच्या सगळ्या प्रथिनांशी जुळवून बघायचा. चांगली जुळणी मिळाली तर एक्सेलमध्ये हिरवा रंग, नाहीतर लाल.

आयसोल्युसिनपाशी गाडी अडकली. पुस्तकातल्या मार्गाप्रमाणे पहिलं पाऊल म्हणजे थ्रिओनिनमधून अमोनिया काढून २-कीटोब्युटिरेट करायचं. ते काम थ्रिओनिन डीअमिनेजचं, म्हणजे इल्व्ह-ए. ई. कोलायमध्ये हे ५१४ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. लेप्टोमध्ये त्याच्या जागी धड काही मिळत नाही. जे मिळतं ते पीएलपी (बी-६ जीवनसत्त्वापासून बनणारा मदतनीस रेणू) वापरणाऱ्या दुसऱ्याच कुठल्यातरी एन्झाइमसारखं दिसतं. त्यापुढची इल्व्ह-बी, सी, डी, ई सगळी मात्र ठणठणीत हिरवी!

मी रिपोर्टात लिहून टाकलं, ‘हा जंतू आयसोल्युसिन बनवू शकत नाही, ते तो बाहेरून घेतो.’

सेमिनारला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, “मग पुढची चार एन्झाइम्स त्याने कशाला सांभाळून ठेवलीत?” मी म्हटलं, व्हॅलिनसाठी. तीच एन्झाइम्स व्हॅलिनही बनवतात ना. बाईंनी मान डोलावली, मी मनात खूश. मग दुसरा प्रश्न आला: “बरं. आणि हा जंतू प्रयोगशाळेत वाढतो कशावर?”

ईएमजेएच माध्यमावर. त्यात क्षार, ट्वीन ८०, अल्ब्युमिन, बी-१, बी-१२. आयसोल्युसिन वेगळं घालतच नाहीत. माझी बोलती बंद.

आणखी एक खटकतंय. ल्युसिनच्या पहिल्या पावलाला ल्यू-ए लागतं. ई. कोलायचं ल्यू-ए (५२३ अमिनो आम्लं) टाकलं तर लेप्टोमध्ये एक नाही, तीन-तीन हिट्स मिळतात, आणि तिन्ही जोरदार. एकाच कामाला तीन माणसं कशाला?

काय चुकलं असेल? सांगा, आणि हसू नका.

---

टर्मिनल_तात्या

हसत नाही. यातून आम्ही सगळेच गेलोय.

आधी एक विचारतो: ‘चांगली जुळणी’ म्हणजे नक्की किती? कुठे रेघ मारलीत?

---

सड्यावरची

तात्या, ई-व्हॅल्यू १० च्या उणे पाचव्या घातापेक्षा कमी असेल तर हिरवा. सरांनी तेवढंच सांगितलं होतं.

---

टर्मिनल_तात्या

वाटलंच. जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

ब्लास्ट दोन प्रथिनांच्या ओळी शेजारी शेजारी धरतो आणि जागोजागी गुण देतो. गुणांचा तक्ता बहुतेक वेळा ब्लोसम-६२, हेनिकॉफ दांपत्याने १९९२ साली केलेला. दोन्हीकडे ट्रिप्टोफॅन आलं तर ११ गुण, कारण ते दुर्मिळ आणि सहसा बदलत नाही. ॲलॅनिनसमोर ॲलॅनिन आलं तर फक्त ४. ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन आलं तर अधिक २, दोघं स्वभावाने जवळचे. ल्युसिनसमोर ॲस्पार्टेट आलं तर उणे ४. मध्ये खिंड पडली तर दंड. सगळी बेरीज म्हणजे स्कोअर.

ई-व्हॅल्यू सांगते की एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये निव्वळ योगायोगाने एवढा स्कोअर किती वेळा मिळाला असता. बास! डेटाबेस दुप्पट केला तर त्याच जुळणीची ई-व्हॅल्यूही दुप्पट होते. म्हणजे हा आकडा ‘योगायोग नाही’ एवढंच सांगतो. दोन्ही प्रथिनं एकाच पूर्वजाची आहेत हे त्यावरून म्हणता येतं. ती एकच काम करतात हे तो आकडा म्हणतच नाही. ते आपण आपल्या मनाने जोडतो.

आडनाव पाटील म्हणजे घराण्यात कधीतरी पाटीलकी होती. आजचा पाटील बँकेत कॅशियर असतो.

तेव्हा तुमच्या हिरव्या ओळींतल्या किती खरोखर हिरव्या आहेत ते देव जाणे. लाल ओळीचंही तसंच. ई. कोलाय आणि लेप्टो हे नात्याने फार लांबचे. लेप्टो स्पायरोकीटांच्या, म्हणजे मळसूत्री जंतूंच्या, घराण्यातला. सारखेपणा वीस-पंचवीस टक्क्यांवर आला की एकास-एक तुलनेत खरं नातंसुद्धा हातातून निसटतं. तिथे एका प्रथिनाऐवजी अख्ख्या कुटुंबाची प्रोफाइल घेऊन शोधायचं. त्यासाठी पीएसआय-ब्लास्ट (१९९७) किंवा एचएमएमर हे प्रोग्रॅम आहेत. कुठली जागा कुटुंबात कधीच बदलत नाही आणि कुठल्या जागेवर काहीही चालतं, हे प्रोफाइलला ठाऊक असतं.

तेवढं करून बघा आणि इथे कळवा.

---

नुसताच_वाचक

पाटील-कॅशियर आवडलं. वाचनखूण साठवली.

---

सड्यावरची

केलं तात्या. पीफॅमच्या (प्रथिन-कुटुंबांच्या डेटाबेसच्या) प्रोफाइलने शोधलं. पीएलपीवाल्या कुटुंबाची इतर मंडळी सापडली, पण इल्व्ह-ए म्हणावं असं काही नाही. ओळ लालच.

---

विकरवेडा

उशिरा आलो, क्षमस्व. ताई, तुमची दोन कोडी नाहीत, एकच आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं उत्तर आहे.

थोडं मागे जाऊ. १९७४ साली, जिनोम वगैरे कुणाच्या स्वप्नातही नव्हते तेव्हा, शॅरन, जॉन्सन आणि पीटरसन यांनी लेप्टोस्पायरांना किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेले पदार्थ खाऊ घातले आणि ती खूण कोणकोणत्या अमिनो आम्लांत उतरते ते तपासलं. आयसोल्युसिनचा हिशेब पुस्तकाप्रमाणे जुळेना. त्याचा सांगाडा थ्रिओनिनमधून यायला हवा होता, तो पायरुवेटच्या बाजूने येत होता. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं की इथे वेगळा मार्ग दिसतोय. १९८३ च्या कामात असंही निघालं की सगळ्या लेप्टोस्पायरा एकसारख्या नाहीत, काहींमध्ये थ्रिओनिनचा मार्गही चालतो.

म्हणजे जिनोम यायच्या एकोणतीस वर्षं आधीच ‘हा आयसोल्युसिन बनवतो’ हे कागदावर होतं. ब्लास्टच्या आधी जुनी जर्नलं चाळायची सवय आता कुणाला राहिली नाही. म्हातारपणाची कुरकुर समजून सोडून द्या.

आता तो मार्ग. तुम्हाला हवंय २-कीटोब्युटिरेट. ते थ्रिओनिनपासून करता येतं, तसंच दुसरीकडूनही करता येतं:

पायरुवेट + ॲसिटिल-कोए → सिट्रामॅलेट
सिट्रामॅलेट → सिट्राकोनेट → बीटा-मिथाइल मॅलेट
बीटा-मिथाइल मॅलेट → २-कीटोब्युटिरेट

आता याच्या शेजारी ल्युसिनचा मार्ग ठेवा:

कीटोआयसोव्हॅलरेट + ॲसिटिल-कोए → २-आयसोप्रोपिल मॅलेट
त्याचं ३-आयसोप्रोपिल मॅलेट
त्यापासून कीटोआयसोकॅप्रोएट

दिसलं का? रसायन तेच. पहिल्या पावलाला दोन कार्बन जोडायचे, दुसऱ्याला हायड्रॉक्सिल एका कार्बनवरून शेजारच्यावर सरकवायचा, तिसऱ्याला ऑक्सिडेशन करून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. फरक एवढाच की पायरुवेटला एका कार्बनची शेपटी आहे आणि कीटोआयसोव्हॅलरेटला तीन कार्बनची, दोन फाट्यांची. दुसऱ्या आणि तिसऱ्या पावलाला तर लेप्टो तीच एन्झाइम्स दोन्ही कामांना वापरतो, ल्यू-सी/डी आणि ल्यू-बी. पहिल्या पावलाला मात्र वेगळं एन्झाइम लागतं, सिट्रामॅलेट सिंथेज, सिम-ए. आणि ते ल्यू-एचं सख्खं भावंड आहे.

तुमच्या तीन ल्यू-एंपैकी एक ल्यू-ए नाहीच.

हे २००४ साली सिद्ध झालंय, तुमच्याच जातीत, सेरोटाइप लाय. तिन्ही जनुकं ई. कोलायमध्ये घालून प्रथिनं तयार करून तपासली. दोन खरीखुरी आयसोप्रोपिल मॅलेट सिंथेज निघाली. तिसरं फक्त पायरुवेट घेतं, दुसऱ्या कुठल्याच कीटो-आम्लाला हात लावत नाही. पायरुवेटसाठी त्याचा केएम (निम्म्या वेगाला लागणारं प्रमाण) ०.०४ मिलिमोलर, म्हणजे थोडंसं पायरुवेट असलं तरी पकडतं. एवढ्यावर न थांबता त्या संशोधकांनी ई. कोलायचे इल्व्ह-ए, ल्यू-सी/डी आणि ल्यू-बी बिघडलेले म्युटंट घेऊन, लेप्टोच्या जनुकांनी ते तगतात का हेही पाहिलं. तगले.

म्हणजे तुमची लाल ओळ खरीच आहे. इल्व्ह-ए नाही ते नाहीच. चूक त्यापुढच्या वाक्यात आहे.

---

सड्यावरची

काका, दंडवत.

शेपटीचं वाचून उठले आणि दोन्ही रेणू वहीत काढून बघितले. खरंच तेच आहे! इतके दिवस एक्सेलमध्ये ल्युसिन ओळ ४० च्या आसपास आणि आयसोल्युसिन ओळ ६० च्या पुढे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघावंत हे सुचलंच नाही.

एक शंका. अल्ब्युमिन हे स्वतःच प्रथिन आहे ना? त्यातून आयसोल्युसिन मिळत असेल असं परीक्षक बाईंना म्हणता आलं असतं का?

---

विकरवेडा

म्हणता आलं असतं, पण टिकलं नसतं. अल्ब्युमिनचं काम तिथे वेगळं आहे. लेप्टो साखरेवर जगत नाही, लांब साखळीच्या स्निग्धाम्लांवर जगतो. ती ट्वीन ८० मधून मिळतात, पण मोकळी झाली की त्यालाच विषारी ठरतात. अल्ब्युमिन ती धरून ठेवतं. प्रथिनविरहित माध्यमावरही हा जंतू वाढवलेला आहे. आणि १९७४ चा प्रयोग आहेच: खूण आयसोल्युसिनमध्ये उतरली म्हणजे ते जंतूनेच बांधलं.

---

भाताचं_खाचर

कुडाळकडचा आहे, शेती करतो. ताईंचा जंतू म्हणजे आमचा दरवर्षीचा पावसाळी पाहुणा, म्हणून वाचायला आलो. अर्धं डोक्यावरून गेलं, शेपटीचं समजलं.

एक अडाणी प्रश्न विचारतो, रागावू नका. जंतू ते कुठलं आम्ल या वाटेने करतो की त्या वाटेने, याचा आम्हाला काय फायदा?

---

टर्मिनल_तात्या

अडाणी अजिबात नाही. प्रोजेक्टला पैसे देणारेही हेच विचारतात.

आयसोल्युसिन, ल्युसिन, व्हॅलिन माणसाचं शरीर बनवू शकत नाही, ती आपल्याला जेवणातून मिळतात. म्हणजे ती बनवणारी एन्झाइम्स जंतूत आहेत, आपल्यात नाहीत. असं एन्झाइम बंद पाडणारं औषध मिळालं तर जंतूला लागेल, आपल्याला नाही, अशी आशा. आशाच म्हणतो, कारण जंतू आपल्या रक्तातूनच ते आम्ल उचलू लागला तर औषध वाया जातं.

शेतीत मात्र हे झालेलं आहे. ग्लायफोसेट तणनाशक तुम्हाला माहीत असेलच.

---

भाताचं_खाचर

माहीत नसायला काय झालं. बांधावर मारतात लोक.

---

विकरवेडा

तात्यांनी चांगला विषय काढला, आता मला आवरत नाही.

ग्लायफोसेट ज्या एन्झाइमला अडवतं ते अमिनो आम्लांच्याच मार्गातलं आहे. ईपीएसपी सिंथेज, जंतूंत त्याच्या जनुकाला अ‍ॅरो-ए म्हणतात. फिनाइलॲलॅनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन या तिघांचा रस्ता त्यावरून जातो. हा रस्ता वनस्पतींत आहे, जंतूंत आहे, माणसात नाही.

ग्लायफोसेटला न जुमानणारी पिकं ज्या जनुकामुळे झाली ते जनुक अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या सीपी-४ नावाच्या स्ट्रेनचं. आता त्याचा सीक्वेन्स ई. कोलायच्या अ‍ॅरो-एशी जुळवा. सारखेपणा तीस टक्क्यांच्या खाली. इतका कमी की त्याला वेगळा, दुसरा वर्ग म्हणावं लागलं. तरी काम तंतोतंत तेच! आणि ग्लायफोसेटला दाद न देण्याचं एक मोठं कारण म्हणजे एक जागा: ई. कोलायमध्ये ९६ व्या जागेवर ग्लायसिन आहे, सीपी-४ मध्ये त्याच जागी (तिथे क्रमांक १००) ॲलॅनिन. एका मिथाइल गटाचा फरक. तेवढ्याने ग्लायफोसेटला नीट बसायला जागा राहत नाही.

म्हणजे इथे ओळी लांबच्या, काम एक. ताईंच्या लेप्टोत उलटं: ओळी जवळच्या, कामं दोन.

---

भाताचं_खाचर

हे समजलं. बैलाला जू बसेना अशी गत झाली त्या औषधाची.

---

गोट्या_२०११

एवढं सगळं कशाला करायचं? सीक्वेन्सवरून प्रथिनाची रचना सांगणारं अल्फाफोल्ड आहे ना. २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचना फुकट आहेत, त्यालाच २०२४ चं नोबेल मिळालं. रचना काढा, काम कळेल. सीक्वेन्स जुळवण्याचे दिवस गेले.

---

टर्मिनल_तात्या

गोट्याभाऊ, अल्फाफोल्डही आत पहिली गोष्ट हीच करतो, सारख्या सीक्वेन्सची थप्पी जमवून त्यांची अलाइनमेंट. दिवस गेले कसे?

आणि रचनेवरून काम कळतं म्हणता, तर ल्यू-ए आणि सिम-ए दोघांची रचना काढून बघा. दोन्हीकडे तीच आठ पट्ट्यांची टिम बॅरल. पिंप तेच, आत काय भरलंय ते पिंपाच्या आकारावरून कसं कळणार?

---

गोट्या_२०११

बरं बाबा. पण आत डोकावता तर येतं ना?

---

विकरवेडा

हा मुद्दा गोट्याभाऊंचा बरोबर आहे, आणि त्यातूनच ताईंना पुढचं काम मिळतं.

लेप्टोच्या सिम-एची स्फटिक-रचना २००८ साली प्रसिद्ध झाली. पायरुवेट जिथे बसतं त्या खोबणीत तीन मोठी, पाण्याला टाळणारी अमिनो आम्लं आहेत: ल्युसिन ८१, ल्युसिन १०४ आणि टायरोसिन १४४. ती आत दाटीवाटीने उभी आहेत, म्हणून एका कार्बनची शेपटी मावते, तीन कार्बनची नाही. ल्यू-एमध्ये त्या परिसरात वेगळी, पाण्याशी सलगी ठेवणारी अमिनो आम्लंही येतात आणि खोबण ऐसपैस होते.

ताई, तुमची तिन्ही प्रथिनं एका अलाइनमेंटमध्ये घ्या. त्यात क्षयाच्या जंतूचं ल्यू-ए घाला, त्याचीही रचना ठाऊक आहे. मिथॅनोकाल्डोकॉकस जॅनाशीचं सिम-ए घाला, तेही प्रयोगाने तपासलेलं आहे. मग एकूण टक्केवारी विसरा, आणि फक्त त्या तीन जागांवर बोट ठेवा.

---

हडसनकाठची

न्यू जर्सीहून. इथे रात्रीचा एक वाजलाय, पण क्षयाच्या जंतूचं नाव आलं की गप्प बसवत नाही.

आमच्याकडेही असंच एक भूत होतं. एच३७आरव्ही या क्षयजंतूच्या स्ट्रेनचा जिनोम १९९८ ला आला, ४४ लाखांवर जोड्या. ट्रिप्टोफॅनचा मार्ग भरायला घेतला तर ट्रिप-एफ गायब. क्षयाचा जंतू ट्रिप्टोफॅन बनवतो यात शंका नव्हती. मग ते पाऊल कोण टाकतं?

२००३ साली बॅरोना-गोमेझ आणि हॉजसन यांनी दाखवलं की स्ट्रेप्टोमायसिस आणि क्षयजंतू यांच्यात हिस्टिडिनच्या मार्गातलं हिस-ए हेच दोन्ही कामं करतं. दोन्ही पावलांची रासायनिक युक्ती एकच असल्यामुळे जमतं. त्याला नवीन नाव दिलं, प्राय-ए. डेटाबेसमध्ये ते ‘हिस-ए’ म्हणून ठळकपणे बसलेलं होतं. चूकही नव्हती, अर्धं खरं होतं. ज्याला हिस-ए म्हणून हिरवा रंग दिला तोच ट्रिप-एफची लाल ओळ भरणारा!

म्हणून सांगते, लाल ओळीचं उत्तर बऱ्याचदा हिरव्या ओळींत लपलेलं असतं.

दुसरं उदाहरण जास्त घाबरवणारं आहे. मेथिओनिनच्या मार्गात मेट-ए आणि मेट-एक्स अशी दोन कुटुंबं आहेत, एकमेकांशी नातं नसलेली. वर्षानुवर्षं ठरलेलं होतं की मेट-ए म्हणजे सक्सिनिल-कोए वापरणार, मेट-एक्स म्हणजे ॲसिटिल-कोए. २०१७ साली एका फ्रेंच गटाने वेगवेगळ्या जंतूंतली १०० एन्झाइम्स खरोखर बनवून तपासली. त्यावरून त्यांचा अंदाज असा की डेटाबेसमधल्या या दोन कुटुंबांच्या सुमारे १०,००० सीक्वेन्सपैकी ६० टक्क्यांहून जास्त नावं चुकीची आहेत. साठ!

कानगोष्टींचा खेळ आहे हा. पहिल्याने ई. कोलायवर प्रयोग केला. दुसऱ्याने त्याच्याशी जुळलं म्हणून तेच नाव दिलं. तिसऱ्याने दुसऱ्याशी जुळलं म्हणून. दहाव्याला पत्ताच नसतो की प्रयोग नक्की कुणावर झाला होता.

---

टर्मिनल_तात्या

मान्य. पण विकरवेडाकाका आणि हडसनताई, तुम्ही प्रयोगवाले एका एन्झाइमला दोन वर्षं देता. रोज जिनोमांचे ढीग येतायत. प्रत्येक प्रथिन कोण गाळत बसणार? नाव तर द्यावंच लागतं.

---

विकरवेडा

नाव द्या की. ‘ल्यू-ए कुटुंबातलं’ म्हणा. ‘ल्यू-ए’ कशाला म्हणता? एका शब्दाचा प्रश्न आहे.

---

टर्मिनल_तात्या

काका, ‘कुटुंबातलं’ लिहिलं की मार्ग भरणारं सॉफ्टवेअर ती ओळ रिकामी धरतं, आणि मग पेपर येतो की अमुक जंतू शेजाऱ्यांच्या जिवावर जगतो.

---

हडसनकाठची

भांडू नका, यावर काम झालेलं आहे. २०१८ साली मॉर्गन प्राइस आणि सहकाऱ्यांनी दहा वेगवेगळ्या वंशांतले जंतू घेतले. संगणकी साधन म्हणत होतं की त्यांचे अमिनो आम्लांचे मार्ग तुटके आहेत. पण जंतू बाहेरून एकही अमिनो आम्ल न देता मजेत वाढत होते. ज्ञात माहितीने न भरणाऱ्या ११ जागा उरल्या. मग त्यांनी प्रत्येक जंतूचे हजारो म्युटंट एकदम वाढवले आणि अमिनो आम्ल काढून घेतल्यावर कुठलं जनुक बिघडलेले मागे पडतात ते मोजलं. ११ पैकी ९ जागांची एन्झाइम्स सापडली. एकेक प्रथिन गाळत बसावं लागलं नाही, तात्या.

नंतर २०२० ला त्याच मंडळींनी गॅपमाइंड नावाचं साधन केलं. त्याची तुलना मुख्यतः प्रयोगाने सिद्ध झालेल्या प्रथिनांशी होते, कानगोष्टींशी नाही. शिवाय तुमचा हिट दुसऱ्याच कामाच्या एखाद्या प्रथिनाशी जास्त जुळत असेल तर तो गुण कापतो. सड्यावरची, तुझा जिनोम त्यात टाकून बघ. वेबसाइटवर फुकट आहे.

झोपते आता.

---

सड्यावरची

चार दिवस लागले, कॉलेजचं इंटरनेट आणि परीक्षेचे फॉर्म यांच्या मधून वेळ काढून.

काकांनी सांगितली तशी अलाइनमेंट केली. पहिल्यांदा जुळेनाच, कारण क्षयजंतूचं ल्यू-ए ६४४ अमिनो आम्लांचं, लांबलचक, आणि पुढचं टोक सगळं सरकवून टाकत होतं. तात्यांना व्यनि केला, त्यांनी टोकं छाटून मधला बॅरलचा भाग तेवढा घ्यायला सांगितला. मग रांगा सरळ झाल्या.

कॉलेजच्या पीसीवर रंगीत अलाइनमेंट उघडून एकेक रकाना मोजत गेले. उत्प्रेरणाला लागणाऱ्या, धातूचा आयन धरणाऱ्या जागा पाचही प्रथिनांत उभ्या रेघेसारख्या सारख्या. ब्लास्टला हेच दिसत होतं आणि तो खूश होत होता. मग १०४ वर आले. सिम-एमध्ये ल्युसिन, आणि त्याच रकान्यात क्षयजंतूकडे रंगच वेगळा. १४४ ला तेच: इकडे धिप्पाड टायरोसिन, तिकडे छोटंसं काहीतरी. पाचशेपेक्षा जास्त अक्षरांत ही दोन-तीन. नुसती टक्केवारी बघत राहिले असते तर जन्मात दिसली नसती.

सरांना दाखवलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, “एक्सेलमध्ये तिसरा रंग घाल.” पिवळा घातलाय. पिवळा म्हणजे कुटुंब नक्की, काम नक्की नाही. निम्म्याहून जास्त शीट पिवळं झालंय, हळदीकुंकवाला बसल्यासारखं दिसतंय.

---

नुसताच_वाचक

+१. आणि परीक्षक बाईंना कळवलंत का?

---

सड्यावरची

ईमेल केलं. एका ओळीचं उत्तर आलं: “छान. आता मेथिओनिनची ओळ बघ.”

मेट-एक्स. माझ्याकडे हिरवी आहे ती.

---

हडसनकाठची

उठल्या उठल्या हे वाचलं आणि चहा सांडला. :)

घाबरू नकोस. लेप्टोच्या मेट-एक्सची रचना प्रसिद्ध आहे, त्यामुळे डोकावायला खोबण तयार आहे. पण हिरवीला हात लावण्याआधी तो पेपर काढ, आणि त्यात प्रयोग नक्की कुठल्या जातीच्या प्रथिनावर झालाय ते आधी वाच.

---

भाताचं_खाचर

ताई, प्रोजेक्ट होईल तेव्हा होईल. लावणीला गावी आलात तर गमबूट घालूनच शेतात उतरा. तुमच्या जंतूला तुमची ओळख नाही अजून.